मदत हवी आहे: जुनी डिझेल घेतली, आता टायमिंग चेनची धास्ती

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात २०१४ ची डिझेल हॅचबॅक घेतली. एमएच १२ पासिंग, मी दुसरा मालक. मीटरवर ९२,००० किमी, सर्व्हिस बुक मात्र गायब. खंबाटकी घाट चढताना मस्त ओढते, तिथे तक्रार नाहीच.

घेतल्यावर (आधी नाही, अक्कल उशिराच येते) वाचत बसलो, तर या इंजिनात ऑइल वेळेवर बदललं नाही की टायमिंग चेन (पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडझाप करवणारी इंजिनातली साखळी) ताणून ढिली पडते म्हणे. आणि माझ्या गाडीला रोज सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट होतो, मग एकदम गप्प. इंजिन गरम असताना काहीच नाही.

साताऱ्यातला आमचा मेकॅनिक म्हणतो, "साहेब, चेन ताठ धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचं प्रेशर यायला वेळ लागतो, चालवा बिनधास्त." पण चेन दात सोडून सरकली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले, तर इंजिनाचं हेडच (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागेल ना?

कव्हर न उघडता चेन किती ताणलीय ते स्कॅनरवर कळतं का? आधी ऑइल-फिल्टर बदलून आवाज बघू, की सरळ चेन, टेन्शनर, गाइड (चेन ज्यावरून सरकते त्या पट्ट्या) सगळंच नवीन टाकून मोकळा होऊ? कोणी हे काम केलं असेल तर मजुरीसकट आकडा सांगा. आवाजाचा व्हिडिओ आहे, हवा तर टाकतो.