एन स्केल: कोड ८० काढून कोड ५५ टाकावा का? आणि खडी नीट कशी बसवायची?

आडवळण:
नमस्कार. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० मापात, मॉडेल रेल्वेचा छोटा लेआउट करतोय. एक स्टेशन, एक लूप, गाडी बाजूला उभी करायला एक सायडिंग. कोड ८० चा फ्लेक्स (वाकवता येणारा) ट्रॅक तात्पुरता मांडलाय. गाडी छान धावते, पण डोळे फळीच्या पातळीला नेले की गाडी भिंतीवरून चालल्यासारखी वाटते. कोड ५५ घेतला तर माझे जुने डबे चालतील का? त्यांच्या चाकांचे फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडा, बरेच खोल आहेत.
दुसरं, खडी. सुट्या तुकड्यावर करून बघतोय. डिंकाचा थेंब पडला की खडीचे गोळे होतात आणि मध्ये खड्डा पडतो.

गँगमन:
तुमच्या डोळ्यांना बरोबर दिसतंय. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड ८० म्हणजे २.०३ मिमी. त्याला १६० ने गुणलं की ३२५ मिमी होतात, आणि मुख्य मार्गावरचा, मीटरला ६० किलो वजनाचा खरा रूळ असतो १७२ मिमी उंच. जवळजवळ दुप्पट! कोड ५५ चे २२४ होतात, कोड ४० चे १६३. हिशेबाने कोड ४० सर्वांत जवळचा, पण त्याला बारीक फ्लँजची चाकं लागतात. जुने डबे ठेवायचे असतील तर तो विचार सोडा.

कोड ५५ मध्येही सगळे सारखे नाहीत. पेको कंपनीचा रूळ मुळात जास्त उंच असतो, त्याचा खालचा भाग स्लीपरच्या प्लॅस्टिकमध्ये गाडलेला असतो. त्यामुळे ट्रॅक दणकट होतो आणि खोल फ्लँजही चालून जातात. अ‍ॅटलास कंपनीच्या कोड ५५ ला रूळ धरणारे छोटे खिळे आतल्या बाजूने वर आलेले असतात, त्यांवर जुनी चाकं टकटक आपटतात. तुमच्यासाठी पेको.

आता खडी. खरा दगड ५० मिमीचा धरला तर १:१६० ला तो ०.३ मिमी होतो. पाकिटावर ‘एन’ लिहिलेली खडीसुद्धा बरेचदा याहून जाड निघते, म्हणून बारीक चाळणीतून काढा. अक्रोडाच्या टरफलाची खडी हलकी असते, ओली झाली की तरंगते. दगडाची घ्या, आणि त्यात आधी लोहचुंबक फिरवा. लोहाचे कण राहिले तर ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात.

रुळांच्या बाजू खडीच्या आधीच गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि रुळाचा माथा लगेच पुसून घ्या. मग थोडी थोडी खडी टाकून मऊ ब्रशने सारा. खडी स्लीपरच्या माथ्याच्या किंचित खाली राहिली पाहिजे. रुळावर ब्रशच्या दांड्याने हलके टिचक्या मारल्या की स्लीपरवर अडकलेले दाणे खाली उतरतात. या कामाला घाई करू नका, ट्रॅकचं सगळं रूप इथेच ठरतं.

गोळे होतात कारण खडी कोरडी असते आणि डिंक आत न शिरता वरच थांबतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी बारीक फवारा मारा, तोही थोडा उंचावरून, म्हणजे दाणे उडत नाहीत. मग एक भाग पांढरा डिंक, तीन भाग पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. ड्रॉपरचं टोक स्लीपरला टेकवून सोडा, वरून टपकवू नका. डिंक आपोआप पसरत जातो. मग रात्रभर हात लावायचा नाही.

आडवळण:
अल्कोहोल मारून पाहिलं, खडी जागची हलली नाही! सांध्यांवरही, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथेही, असंच करायचं?

गँगमन:
नाही, तिथे ड्रॉपर बाजूला ठेवा. सरकणाऱ्या पात्यांखाली खडीच नको, नुसता खडीच्या रंगाचा हात द्या. पाती हलवणाऱ्या पट्टीला आधी तेलाचा बारीक थेंब लावा, म्हणजे डिंक धरत नाही. बाकीच्या जागी चिमटीने दाणे ठेवा, सुईच्या टोकाने डिंक लावा, आणि ओलं असेपर्यंत सांधा अधूनमधून इकडून तिकडे करत राहा.

लूपलाइन:
आवाजाचंही बघा. पांढरा डिंक वाळून कडक झाला की ट्रॅकखाली आवाज कमी करायला घातलेल्या कॉर्कचा उपयोग बराच कमी होतो आणि फळी घुमते. मी लॅटेक्सचा डिंक वापरतो, तो लवचिक राहतो. ट्रॅक उचलायचा झाला तर मात्र पांढराच सोपा, पाण्याने भिजवला की सुटतो.

गँगमन:
पटलं. लेआउट अजून बदलणार असेल तर पांढरा, नकाशा पक्का असेल तर लॅटेक्स. आणि आडवळण, सायडिंगला मुख्य मार्गाचीच खडी घालू नका. तिथे आणखी बारीक, मातकट, स्लीपरच्या बरोबरीने भरलेली, आणि इंजिन उभं राहतं तिथे रुळांच्या मध्ये तेलकट काळा पट्टा. खडीचे खांदे, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा, फक्त मुख्य मार्गाला उतरते द्या.