खलबत म्हणजे कटच का?

गोदाकाठ: ग्रंथालयाच्या वाचकगटाची बैठक काल ऑनलाइन झाली. पुस्तक होतं थोरल्या माधवरावांचं चरित्र. राघोबादादा आनंदवल्लीला राहून माणसं जमवतात तिथे 'खलबतं' हा शब्द येतो, आणि पुण्यात माधवराव कारभाऱ्यांशी बोलतात तिथेही तोच. खलबत म्हणजे एकांतातली मसलत, असं मी म्हटलं. एक ज्येष्ठ सभासद अडून बसले, खलबत म्हणजे कटच! मग माधवरावांनी कट कुणाविरुद्ध केला? मला बैठकीचा वृत्तान्त लिहायचाय. जाणकारांनी सांगावं.

पंचवटीकर: तुमचं बरोबर आहे. अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत, तो फारसीतून आपल्याकडे आला. रायगडावरचा खलबतखाना आठवा. राजाने कारभाऱ्यांशी बोलायला बसायचं ठिकाण कटाचं कसं होईल?

वाचनवेडी: मूळ अर्थ असेल, पण चरित्र आजच्या वाचकासाठी आहे ना? पेपरात 'नाराजांची खलबतं' रोज वाचतो आपण. त्यात दादासाहेब १७६८ साली धोडपला हरले आणि शनिवारवाड्यात कैदेत पडले, हे आधीच ठाऊक असतं. आनंदवल्लीच्या प्रकरणात कट हाच अर्थ मनात येणार.

तांबटआळी: मला हा शब्द अरबी वाटत नाही. 'बराच खल झाला' म्हणतोच की आपण. वैद्य खलात मात्रा घोटतात तसा विषय घोटायचा. खल, खलबत्ता, खलबत, घराणं एकच.

पंचवटीकर: नाही हो. खल संस्कृत, खल्वत अरबी. कानाला सारखे लागले म्हणून नातं जुळत नाही.

सिडकोवासी: परका शब्द हवाच कशाला? 'गुप्तमंत्रणा' लिहा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. आपल्या भगूरच्या सावरकरांनी 'दिनांक' दिला, तो रुळलाच ना?

वाचनवेडी: अर्जावर रुळला. घरात 'आज तारीख किती?' असंच विचारतात.

देवळालीकर: 'गुप्त' म्हटलं की संशय आलाच. आमच्या वाड्यात माडीवरच्या खोलीला आजोबा खलबतखाना म्हणत. आत्याचं लग्न तिथेच ठरलं. पोरांना आत मज्जाव, एवढाच त्यातला एकांत. हा अर्थ जिवंत होता, तो आपण पेपरवाल्यांच्या हाती सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ: मग वृत्तान्तात दोन्हीकडे 'खलबत'च ठेवू का? शनिवारी द्यायचाय.

तांबटआळी: खलबत्त्याचं राहिलंच. आमच्याकडे पितळी, जड, आजीचा. सासरी त्याला हमामदस्ता म्हणतात.

पंचवटीकर: तो मूळचा फारसी 'हावनदस्ता'.

सिडकोवासी: म्हणूनच खलबत्ता म्हणावं!

तांबटआळी: भांडीबाजारात तसंच मागा. पण वैद्यांचा दगडी, लांबट असतो तो नुसता 'खल'. आणि बत्त्याला कुणाकडे मुसळी म्हणतात का?