एसीचा आकडा डीसीला चालत नाही

दादा, २५० व्होल्ट, १५ अँपिअर लिहिलेला टॉगल स्विच घरी बांधलेल्या विमानाच्या १२ व्होल्टला 'आरामात चालेल', हा तुमचा हिशेब पटला नाही. तो आकडा एसीचा, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना उडणारी ठिणगी आपसूक विझते. डीसीत, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, ती सोय नाही. त्यात स्विचवर मास्टर काँटॅक्टरची (बॅटरी विमानाला जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल असली तर स्विच बंद करताना ठिणगी आणखी लांबते, स्विचमधले पॉइंट जळतात. कॉइलला समांतर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, काही रुपयांचं काम. इथे इंदुरात महाराणी रोडवर डीसी रेटिंग विचारलं की दुकानदार माझ्याकडेच बघत राहतो! छापलेलं नसेल तर मी घेत नाही.

पण मला खरी धास्ती मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या, स्विचकडे जाणाऱ्या वायरची. तिथे सगळं उलटं: वायर ग्राउंडला जोडली तरच मॅग्नेटो बंद. ती तुटली तर स्विच 'ऑफ' दिसतो, मॅग्नेटो मात्र जिवंत. कुणी हाताने प्रोपेलर फिरवला तर इंजिन पेटू शकतं. म्हणून ते टोक नुसतं सोल्डर करून मोकळं सोडू नका. कथील वायरीत चढून ती कडक होते आणि थरथरीने नेमकी त्या कडेलाच तुटते. टर्मिनल दाबून नीट क्रिंप करा, मागे क्लॅम्प द्या. आणि वायर टेफझेलच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) आवरणाचीच घ्या, पीव्हीसीचा धूर कॉकपिटात नको.