क्रोम उतरवण्याआधी प्रत्येक मशीनची विंडोज बघा

ऑफिसातल्या सगळ्या पीसींवर क्रोम ब्राउझर कसा टाकायचा, या प्रश्नाला "सेटअप नेटवरूनच चालवा, लागेल ते तो आपोआप ओढून घेतो" असं वरच्या उत्तरात म्हटलंय, ते घरच्या एका पीसीला ठीक. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हे जमत नाही. क्रोमचा साधा सेटअप म्हणजे नुसता छोटा डाउनलोडर; खरा ब्राउझर प्रत्येक मशीनवर नव्यानं उतरतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, की डाउनलोडची पट्टी अर्ध्यातच अडकते. त्यापेक्षा क्रोमचं एंटरप्राइज बंडल, म्हणजे कंपन्यांसाठीची झिप फाइल, एकदाच उतरवून शेअर फोल्डरात ठेवा. त्या झिपमध्ये पूर्ण एमएसआय (नेटशिवाय चालणारा इन्स्टॉलर) असतो, ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर एकच सेटिंग लावायच्या, टेम्पलेट फायलीही असतात.

पण इथं कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे जुन्या मशीनचं काय. विंडोज ७ वर क्रोम १०९ हीच शेवटची आवृत्ती, आजचं बंडल तिथं बसतच नाही. आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर असाच एक पीसी आहे, ई-वे बिलं त्याच्यावरच निघतात. तो बदलणं सगळ्यात चांगलं, पण तोवर फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घाला, ३२ बिट की ६४ ते बघूनच. इन्स्टॉल फोल्डरात 'डिस्ट्रिब्युशन' (distribution) फोल्डर करून त्यात सेटिंग लिहिलेली 'पॉलिसीज डॉट जेसन' (policies.json) फाइल टाकली, की होमपेज, प्रॉक्सी सगळं लागू होतं, टेम्पलेट नसली तरी.