प्रौढ कंटेंटच्या जाहिरातींतला ‘आशियाई’ शिक्का: माझा आक्षेप आणि तुमची मतं

सांजवारा

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. प्रौढांसाठीच्या कंटेंटचा व्यवसाय असावा की नसावा, हा वाद इथे नको. मला बोलायचंय ते त्याच्या जाहिरातींबद्दल, आणि त्यातही आशियाई वंशाच्या क्रिएटर बायका ज्या शब्दांत विकल्या जातात त्या शब्दांबद्दल.

गोऱ्या क्रिएटरच्या जाहिरातीत बहुतेकदा तिचं नाव असतं, ती काय करते ते असतं. आशियाई बाईच्या जाहिरातीत आधी वंश येतो आणि त्याला चिकटून स्वभाव. तो स्वभावही आधीच ठरलेला: लाजरी, सोशिक, आज्ञाधारक, कमी बोलणारी. नाहीतर एकदम दुसरं टोक, थंड डोक्याने पुरुषाला खेळवणारी. इंग्रजीत या दोन साच्यांना ‘कमळाचं फूल’ आणि ‘ड्रॅगन लेडी’ अशी नावंच पडली आहेत. टोकियोत राहणारी, मनिलात राहणारी, पॅरिसमध्ये व्हिएतनामी आईबापांच्या पोटी जन्मलेली, सगळ्या एकाच पाटीखाली. ती पाटीसुद्धा पक्की नाही. अमेरिकेत ‘एशियन’ म्हटलं की चिनी, जपानी, कोरियन चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि ब्रिटनमध्ये तोच शब्द बोलताना सहसा भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी माणसांसाठी वापरतात. म्हणजे शब्द कोणाचंच धड वर्णन करत नाही, पण अपेक्षा मात्र तयार करून ठेवतो.

मी कंटेंट सोडून जाहिरातीवरच का बोट ठेवते? कंटेंट माणूस शोधून, पैसे देऊन बघतो. बॅनर न मागता समोर येतो. शिवाय ती ओळ अनेकदा क्रिएटरने लिहिलेलीच नसते. मधला अ‍ॅफिलिएट लिहितो, ज्याला प्रत्येक नव्या सबस्क्रिप्शनमागे वाटा मिळतो. तो एकाच फोटोवर दहा ओळी लावून बघतो आणि जिच्यावर जास्त क्लिक पडतात ती ठेवतो. फोटोतल्या बाईला यातलं काही कळतही नाही.

हे एका कोपऱ्यात बंद राहत नाही. जुलै २०२० मध्ये ‘द मार्कअप’च्या पत्रकारांनी गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे जाहिरातदारांना शब्द सुचवणाऱ्या साधनात, ‘एशियन गर्ल्स’, ‘ब्लॅक गर्ल्स’, ‘लॅटिना गर्ल्स’ असे शब्द टाकून पाहिले. आलेल्या सूचनांपैकी बहुसंख्य अश्लील होत्या. ‘व्हाइट गर्ल्स’ टाकल्यावर काहीच सूचना आल्या नाहीत. पत्रकारांनी विचारणा केल्यावर गूगलने त्या सूचना बंद केल्या.

माझं मागणं एवढंच: ज्या बाईच्या चेहऱ्यावर जाहिरात चालते तिला ती ओळ आधी दिसावी, आणि ती नाकारायचा हक्क तिला असावा.

रोकठोक

असहमत. टॅग ही शोधायची खूण आहे. ‘उंच’, ‘टॅटूवाली’, ‘चाळिशीतली’ हेही टॅगच आहेत, त्यावर कोणी धागा काढत नाही. लाखो क्रिएटरांच्या गर्दीत जिचं नाव कोणालाच माहीत नाही ती सापडणार कशी? ओन्लीफॅन्ससारख्या साइटवर कमाईतले ८० टक्के क्रिएटरच्या हातात पडतात, २० टक्के कंपनी घेते. म्हणजे टॅगमुळे आलेल्या गिऱ्हाइकाचा मोठा वाटा तिचाच. अनेक आशियाई क्रिएटर आपणहून हा शब्द लावतात, आपल्या प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत. त्या सज्ञान आहेत, आपला धंदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. आवडनिवड म्हणजे पूर्वग्रह नव्हे.

जुनी दप्तरं

रोकठोक, ‘उंच’ आणि ‘आशियाई’ यांत फरक काय, याचं एक उत्तर असं: उंच बायकांना देशात येऊ न देणारा कायदा कधी कुठे झालेला नाही.

अमेरिकेत १८७५ साली पेज अ‍ॅक्ट आला. चीन, जपान किंवा ‘कोणत्याही पौर्वात्य देशातून’ अनैतिक कामासाठी बायका आणण्यावर त्याने बंदी घातली. कागदावर नेम वेश्याव्यवसायावर होता. प्रत्यक्षात बोटीवर चढण्याआधीच चिनी बायकांना आपण ‘तसल्या’ नाही हे सिद्ध करावं लागे, आणि चिनी बायकांचं येणं जवळपास थांबलं. सगळ्या चिनी मजुरांवरची बंदी त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये आली. बायकांवर संशय आधी बसला होता.

मग युद्धं आली. जपान शरण आल्यावर ऑगस्ट १९४५ मध्येच तिथल्या सरकारने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी वेश्यागृहांची यंत्रणा उभी केली. कोरियात आणि फिलिपिन्समध्ये अमेरिकी तळांभोवती अशाच वस्त्या वाढल्या. व्हिएतनाम युद्धात सैनिकांना सुट्टीसाठी थायलंडला पाठवू लागले. एवढ्या पुरुषांनी आशियाई बाई पहिल्यांदा पाहिली ती पैसे मोजताना, आणि बहुतेक वेळा तिची गरिबी आणि त्यांची बंदूक यांच्या मधोमध. तिचं गप्प राहणं हा तिचा स्वभाव आहे, असं समजून ते घरी परतले. बॅनरवरचे ‘सोशिक’ आणि ‘आज्ञाधारक’ हे शब्द मला तरी तिथून आलेले दिसतात.

१६ मार्च २०२१ ला अटलांटा परिसरातल्या तीन स्पांमध्ये एका तरुणाने आठ जणांना गोळ्या घालून ठार मारलं. त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका होत्या. आपल्याला मोह होतो आणि ती ठिकाणं म्हणजे मोह, असं त्याने पोलिसांना सांगितलं. जाहिरातीने खून केला असं मी म्हणत नाही. पण काम करणारी माणसं कोणाच्या डोळ्यांना नुसता ‘मोह’ दिसतात, ही नजर एका रात्रीत तयार होत नसते.

रोकठोक

इतिहास मान्य आहे, आणि अटलांटाचं दुःख मलाही आहे. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याचं ओझं आज घरभाडं भरायला धडपडणाऱ्या मुलीच्या टॅगवर टाकायचं का? टॅग काढलात तर गिऱ्हाइकाची नजर बदलणार नाही, फक्त तिचं उत्पन्न घटेल.

पडद्यामागची

मी बहुतेक वेळा नुसती वाचते, पण इथे लिहायलाच हवं. मी जवळजवळ तीन वर्षं एका परदेशी जाहिरात कंपनीसाठी घरून बॅनरच्या ओळी लिहायचे. नाव सांगत नाही. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शब्दांची एक फाइल मिळाली, वंशानुसार रकाने पाडलेली. आशियाई रकान्यात लहानखुरी, लाजरी, नम्र, ‘नाही म्हणणार नाही’. गोऱ्या बायकांसाठी रकानाच नव्हता. तिथे क्रिएटरने पाठवलेली माहिती वाचून लिहायचं असे. म्हणजे एकीला विचारून लिहायचं आणि दुसरीला फाइल बघून. मला ते खटकायला सहा महिने लागले, याची आज लाज वाटते.

एक कॅनडात वाढलेली क्रिएटर होती. मोठ्याने हसणारी, बडबडी, तिच्या व्हिडिओंत अर्धा वेळ नुसत्या गप्पा. तिच्या फोटोवर आमची ओळ गेली: शांत, आज्ञाधारक वगैरे. क्लिक धो धो आले. महिन्याभराने तिचा मेल आला. जाहिरात बघून आलेले लोक तिला शिव्या घालत होते, की तू एवढी बोलतेस का, आम्हाला सांगितलं ते हे नाही. काही जण पैसे परत मागत होते. तिने अगदी नीट भाषेत लिहिलं होतं की ही ओळ काढा, मी अशी नाही. माझ्या वरिष्ठाने उत्तर दिलं की आकडे उत्तम आहेत. बॅनर आणखी पाच महिने चालला.

रोकठोक म्हणतात की गिऱ्हाईक वाढतं. वाढतं, पण कोणतं? जी ती नाही, ती विकत घ्यायला आलेलं. ते टिकत नाही, आणि जाताना तिच्यावर राग काढून जातं. आमच्या तक्त्यात क्लिकचा रकाना होता, शिव्यांचा नव्हता.

आणि ‘मागणी आहे’ या वाक्याबद्दलही सांगते. आम्ही ‘लाजरी’ची तुलना ‘आज्ञाधारक’शी करायचो आणि जिंकलेली ओळ ठेवायचो. तिच्या स्वतःच्या शब्दांतली ओळ त्या शर्यतीत कधी उतरवलीच नाही. मग लोकांना काय आवडतं हे आम्हाला कळलं, असं कशावरून म्हणायचं?

तळ्याकाठी

क्षमा करा, पण मला ही सगळी चर्चा चुकीच्या टोकाने सुरू झालेली वाटते. जिथे माणसाचं शरीरच माल आहे तिथे लेबलावरचे शब्द न्याय्य असावेत, ही मागणी मला कळत नाही. शब्द बदलून व्यवहार स्वच्छ होणार नाही. उलट तो आणखी सभ्य दिसू लागेल, आणि मला त्याची जास्त भीती वाटते.

सांजवारा

तळ्याकाठी, तुमची भीती प्रामाणिक आहे हे दिसतंय. पण हा व्यवसाय उद्या सकाळी बंद होणार नाही, आणि त्यात आज ज्या आहेत त्यांनी तोवर काय करायचं? खाणकाम वाईट म्हणून खाणकामगाराला हेल्मेट नको, असं आपण म्हणत नाही. शिवाय या शब्दांचा मार या व्यवसायात नसलेल्या बायकांनाही बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूच्या पत्रकार मेलिसा हेइक्किला यांनी लेन्सा या, फोटोंवरून एआयने चित्रं बनवणाऱ्या अ‍ॅपकडून आपली चित्रं करून घेतली. त्या आशियाई वंशाच्या आहेत. १०० पैकी १६ चित्रांत अ‍ॅपने त्यांना अर्धनग्न केलं, आणखी १४ मध्ये अगदी तोकडे कपडे घालून सूचक पवित्र्यात उभं केलं. त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांना अंतराळवीर, योद्धे असली चित्रं मिळाली. त्यामागचं मॉडेल इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांवर आणि त्यांना चिकटलेल्या शब्दांवर शिकलेलं होतं. ‘आशियाई बाई’ या शब्दांशेजारी वर्षानुवर्षं आपण काय ठेवत आलो, ते यंत्राने परत दाखवलं.

मुक्तछंद

मला दोन्ही बाजूंना थोडं अडवायचंय.

अभ्यासक सेलीन पारेन्यास शिमिझू यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात एक अवघड मुद्दा मांडला. आशियाई बाईची प्रत्येक कामुक प्रतिमा ‘वाईट’ ठरवून पुसायला गेलं, तर तिच्या वाट्याला फक्त सोवळेपणा उरतो आणि तोही एक पिंजराच आहे. या व्यवसायातल्या काही जणी साचा हातात घेऊन, वाकवून, आपल्या अटींवर वापरतात. त्यांना ‘बिचाऱ्या’ म्हणणं हाही तोच जुना साचा.

दुसरं, बाहेरून दबाव आला की कोण पडतं ते बघा. २०१८ मध्ये अमेरिकेत माणसांची तस्करी रोखण्याच्या नावाने फोस्टा-सेस्टा कायदे झाले आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनेकींनी गिऱ्हाइकाची आधी चौकशी करायची ऑनलाइन सोय गमावली. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने उघड लैंगिक कंटेंट बंद करायची घोषणा केली, कारण म्हणून बँकांकडे बोट दाखवलं, आणि काही दिवसांत ती मागे घेतली. त्या आठवड्यात किती जणींची झोप उडाली असेल. सांजवारा, तुमचा नकाराचा हक्क मला पटतो. पण तो राबवायला कंपन्या सोपा रस्ता धरतील, ‘वादग्रस्त’ म्हणून आशियाई क्रिएटरांच्या जाहिराती घेणंच कमी करतील, ही धास्ती मला आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी त्या स्वतः बसल्या नाहीत तर हेच होईल.

शेवटचा बाक

पुरुषांचं कोणी बोललं नाही म्हणून. याच जाहिरातींत आशियाई पुरुष जवळपास सापडत नाही, आणि सापडला तर चेष्टेचा विषय म्हणून. बायकांना अती कामुक ठरवणारी आणि पुरुषांना नपुंसक ठरवणारी नजर एकच आहे. डेटिंग साइट ओकेक्युपिडने २०१४ मध्ये आपल्या वापरकर्त्यांचे आकडे प्रसिद्ध केले, त्यात बहुतेक गटांतल्या बायकांनी आशियाई पुरुषांना सरासरीपेक्षा खाली ठेवलं होतं. रोकठोक याला आवडनिवड म्हणतील. मी परदेशात शिकत असताना त्या आवडीच्या खालच्या टोकाला होतो, आणि ती आभाळातून पडलेली वाटली नाही.

रोकठोक

पडद्यामागची यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक गोष्ट मागे घेतो. ‘आशियाई’ हा टॅग आणि ‘आज्ञाधारक’ ही ओळ मी एकाच पोत्यात भरत होतो. टॅग तिने लावला तर तो तिचा, त्यावर मी ठाम आहे. पण स्वभाव दुसऱ्याने लिहून तिच्या तोंडाला चिकटवणं ही गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे, हे धंद्याच्या हिशेबानेही मला मान्य करावं लागेल.

तरी हक्क राबवणार कसा? एका क्रिएटरचे शेकडो बॅनर, पन्नास अ‍ॅफिलिएट, दहा देश. ती ओळी तपासत बसली तर काम कधी करणार?

सांजवारा

जपानने २०२२ मध्ये प्रौढ व्हिडिओंसाठी कायदा केला. करारानंतर महिनाभर चित्रीकरण करता येत नाही, चित्रीकरणानंतर चार महिने प्रकाशन करता येत नाही, आणि प्रकाशनानंतर वर्षभर कलाकार कारण न देता करार मोडू शकते. त्यावर तिथल्या कलाकारांचीही टीका झाली, आम्हाला न विचारता केला म्हणून. मुक्तछंद म्हणतात ते टेबल हेच. पण एवढ्या मोठ्या उद्योगाला थांबून विचारायला लावता येतं, हे तरी त्यातून दिसलं.

पडद्यामागची

रोकठोक, राबवण्याचं मी सांगू शकते, कारण ते काम मी केलंय. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून कलाकाराच्या वयाचा पुरावा दप्तरी ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डच्या नियमांनुसार दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या वयाची आणि संमतीची कागदपत्रं लागतात. आमच्याकडे बॅनर सुटण्याआधी एक फॉर्म भरला जायचा: फोटो कोणाचा, वय तपासलं का, फोटो वापरायची परवानगी आहे का. तीन रकाने, शेवटी सही. ओळींचा मंजूर संच एकदाच तिच्याकडून घ्यायचा आणि अ‍ॅफिलिएटने त्याबाहेर जायचं नाही, एवढं ठरलं तर चौथा रकाना पुरतो. त्या कॅनडाच्या मुलीने मेलच्या शेवटी स्वतःच एक ओळ सुचवली होती: ‘बोलायला आवडत असेल तर या.’ ती आम्ही कधी लावून पाहिली नाही.