एनबीए प्लेऑफ पहिल्यांदाच पाहायचे आहेत : कोणती मालिका आणि कोणता संघ सुचवाल?

खानापूरकरीण

नमस्कार. माझी मुलगी आठवीत शिकते आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि नेमके त्याच काळात अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, चालतात, म्हणून या सुट्टीत आम्ही दोघींनी ते नीट पाहायचे ठरवले आहे. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती तिने पुष्कळ पाहिल्या आहेत, पूर्ण सामना मात्र एकही पाहिलेला नाही. मला स्वतःला नियम जुजबीच माहीत आहेत. प्लेऑफ सुरू होण्याआधी सवय व्हावी म्हणून जुनी कोणती मालिका पाहावी, एखादा संघ आपला मानायचा तर तो कसा निवडावा, आणि पहाटेचे सामने घरच्या वेळापत्रकात कसे बसवावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

शहापूरचा पेसर्सवाला

ताई, आधीच सांगतो की मी इंडियाना पेसर्सचा चाहता आहे, त्यामुळे माझा सल्ला तटस्थ नाही. या संघाने एनबीएचे विजेतेपद एकदाही जिंकलेले नाही. 2000 आणि 2025 मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. तरीही मी तुम्हाला 2025 ची अंतिम मालिकाच सुचवीन, आणि तीही सातही सामन्यांसह.

माझे मुख्य म्हणणे असे की चार मालिकांचे तुकडे पाहण्यापेक्षा एकच मालिका पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत क्रमाने पाहावी. नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. आज या शहरात तर परवा दुसऱ्या, अशी धावपळ असल्यामुळे समोरच्या संघाचा बारकाईने अभ्यास करायला प्रशिक्षकांना सवड मिळत नाही. प्लेऑफमध्ये तेच दोन संघ, कोणीतरी चार सामने जिंकेपर्यंत, पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. पहिले दोन सामने सरस मानांकनाच्या संघाच्या कोर्टवर, पुढचे दोन दुसऱ्याच्या कोर्टवर आणि गरज पडल्यास उरलेले तीन आलटूनपालटून होतात. आनंदवाडीच्या आखाड्यात तेच दोन पैलवान आठवड्यातून तीनदा भिडू लागले, तर तिसऱ्या कुस्तीला एकाला दुसऱ्याचा आवडता डाव ठाऊक झालेला असेल आणि चौथ्या कुस्तीला दुसऱ्याने त्यावर तोड काढलेली असेल. प्लेऑफची खरी गंमत ती तोड पाहण्यात आहे आणि ती चित्रफितीत कधीच दिसत नाही.

2025 मध्ये अंतिम मालिकेतला आमचा प्रतिस्पर्धी ओक्लाहोमा सिटी थंडरने नियमित हंगामात 68 सामने जिंकले होते, तर पेसर्सनी 50. पेसर्सच्या हंगामाची सुरुवातही 10 विजय आणि 15 पराभव अशी रखडत झाली होती. पहिल्या अंतिम सामन्यात पेसर्स चौथ्या क्वार्टरमध्ये 15 गुणांनी मागे होते आणि टायरीस हॅलिबर्टनने 0.3 सेकंद शिल्लक असताना टाकलेल्या बास्केटवर ते 111-110 असे जिंकले. संपूर्ण सामन्यात त्यांची आघाडी तेवढ्या 0.3 सेकंदांचीच होती. पण मुलीला तो एक क्षण दाखवून थांबू नका. पेसर्सचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी प्लेऑफमध्येही दहा-दहा खेळाडू आलटूनपालटून खेळवले, कारण इतर संघ या काळात आठ-नऊ खेळाडूंवर येतात आणि दमतात. चेंडू बास्केटखालून बाहेर आल्याबरोबर पूर्ण कोर्टभर दबाव टाकायचा, थंडरचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडरला आपल्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठीच कष्ट करायला लावायचे आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याचे पाय जड होऊ द्यायचे, असा बेत होता. तीन सामन्यांनंतर पेसर्स 2-1 ने पुढे होते.

चौथा सामना मी सर्वांत आधी अभ्यासायला सांगेन, जरी तो आमच्या जिव्हारी लागलेला असला तरी. थंडरने पहिल्या तीन सामन्यांत उंच हार्टेनस्टाइनला बाहेर बसवून लहान चणीचा संघ उतरवला होता. चौथ्यात त्याला पुन्हा पहिल्या पाचांत घेतले. त्या सामन्यात त्यांचे तीन गुणांचे फटके जवळपास लागलेच नाहीत, तरी गिल्जस-अलेक्झांडरने 35 गुण केले, त्यातले बरेचसे शेवटच्या काही मिनिटांत, आणि थंडर 111-104 असे जिंकले. सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये टाचेच्या स्नायुबंधाच्या दुखापतीने कोसळला आणि आम्ही 91-103 असे हरलो. निकाल इथे उघड केला आहे, कारण तो माहीत असला तरी ही मालिका फिकी पडत नाही. मुलीला मात्र कृपया सांगू नका.

चिकोडीकर

पेसर्सवाल्या दादांच्या निष्ठेचा आदर आहे, तथापि नवख्या प्रेक्षकाला पराभवाची मालिका सुचवणे मला पटत नाही. माझी शिफारस 2016 ची अंतिम मालिका. गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्या हंगामात 73 विजयांचा विक्रम केला होता आणि अंतिम मालिकेत ते 3-1 असे पुढे होते. तेथून क्लीव्हलँड कॅव्हलियर्सनी सलग तीन सामने जिंकले. अंतिम मालिकेत 3-1 अशा पिछाडीवरून विजेतेपद मिळवण्याची तोपर्यंतची ती पहिलीच वेळ होती. पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग या दोघांनीही प्रत्येकी 41 गुण केले. सातवा सामना 93-89 असा संपला आणि त्यातला लेब्रॉनने वॉरियर्सच्या इग्वोडालाचा फटका हवेतच अडवला तो ब्लॉक आजही पुन्हा पाहावासा वाटतो. संघ निवडण्याबद्दल म्हणाल, तर मुले खेळाडूवर प्रेम करतात, संघावर नाही. तिला एखादा खेळाडू आवडू द्या आणि तो जाईल तिकडे जाऊ द्या.

शहापूरचा पेसर्सवाला

2016 ची मालिका उत्तम आहे, यात वाद नाही. माझ्या यादीत ती दुसरी आहे आणि 2011 ची डॅलस मॅव्हेरिक्स विरुद्ध मायामी हीट ही तिसरी. (त्या डॅलसचे प्रशिक्षकही कार्लाइलच होते, हा योगायोग मी अधूनमधून मुद्दाम काढतो.) पण खेळाडूच्या मागे जाण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. लेब्रॉनच्या मागे गेलेला चाहता क्लीव्हलँडहून मायामीला, तेथून परत क्लीव्हलँडला आणि मग लॉस एंजेलिसला गेला. त्यात गैर काही नाही, परंतु संघ वाईट असतानाची वर्षे त्याच्या वाट्याला कधी आलीच नाहीत. रेजी मिलर 1987 ते 2005 अशी अठरा वर्षे पेसर्सकडेच खेळला आणि विजेतेपदाविना निवृत्त झाला. 1995 मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने नऊ सेकंदांच्या आत आठ गुण केले होते. तिच्या वयाच्या मुलीला दाखवावी अशी चित्रफीत कोणती, असे विचारलेत तर मी तीच एक सांगेन. 2025 च्या प्लेऑफमध्ये त्याच निक्सविरुद्ध, त्यांच्याच कोर्टवर, आम्ही अखेरच्या तीन मिनिटांत 14 गुणांची पिछाडी भरून काढून अतिरिक्त वेळेत 138-135 असे जिंकलो, तेव्हा जुन्या चाहत्यांना जे वाटले, ते त्या वर्षी नव्याने आलेल्यांना वाटणे शक्य नव्हते.

संघ निवडायचा तर काहीतरी धागा शोधावा, कितीही बारीक असला तरी चालेल. भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात झाले. हंगामपूर्व सामने होते, पण पहिला अतिरिक्त वेळेत 132-131 असा संपला आणि दोन्ही पेसर्सनी जिंकले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. म्हणजे कोणाला तोही धागा पकडता येईल, जरी त्या संघाच्या चाहत्यांची सहनशीलता आमच्यापेक्षाही मोठी आहे.

टिळकवाडी कोर्ट

मी येथे मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो, म्हणून एकच पुरवणी जोडतो. खेळणाऱ्या मुलीने चेंडूकडे पाहत बसू नये. प्रत्येक क्वार्टरमध्ये एका खेळाडूवर नजर ठेवावी आणि हाती चेंडू नसताना तो कोठे उभा राहतो, कोणाला अडसर घालतो, बचावात कोणाला हाक मारून जागा सांगतो, हे पाहावे. पिक अँड रोलमध्ये (एक खेळाडू चेंडूवाल्याच्या बचावपटूला अडसर घालतो आणि मग बास्केटकडे वळतो, त्या डावात) समोरचा संघ मुद्दाम सर्वांत कच्च्या बचावपटूला ओढून आणतो. तो कच्चा दुवा कोण, हे तिला दुसऱ्या सामन्यापर्यंत ओळखता आले, तर तिच्या स्वतःच्या खेळात फरक पडेल. शिवाय पेसर्सच्याच शहरात आणि त्याच प्रेक्षागृहात महिलांच्या लीगचा इंडियाना फीव्हर हा संघ खेळतो, ज्याने 2012 मध्ये विजेतेपद मिळवले आणि ज्यात आता केटलिन क्लार्क आहे. महिलांचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो, तेव्हा प्लेऑफ संपले की पाहणे थांबवावे लागणार नाही.

खानापूरकरीण

सर्वांचे मनापासून आभार. 2025 ची मालिका आधी आणि 2016 ची नंतर, असे ठरवले आहे. फीव्हरची माहिती वाचून मुलगी फारच खूश झाली. आता फक्त वेळेचा प्रश्न राहिला. आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की पहाटे वीज हमखास जाते आणि तिच्या आजीला लवकर उठून टीव्ही लावणे पसंत नाही.

शहापूरचा पेसर्सवाला

त्या दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिकडे संध्याकाळी सात वाजताचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, साडेआठचा सकाळी सहाला आणि दहाचा साडेसातला सुरू होतो. मुलीसाठी साडेसातचे सामने सर्वांत सोयीचे, कारण आजीही तोपर्यंत उठलेल्या असतील. पहिल्या फेरीत शनिवार-रविवारी तिकडे दुपारीही सामने होतात; एक वाजताचा सामना आपल्याकडे त्याच रात्री साडेदहाला दिसतो. अंतिम मालिका मात्र जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर येते. त्यासाठी एनबीएच्या लीग पास या सेवेत गुणफलक लपवण्याची सोय आहे, ती आधी चालू करा, शाळा सुटल्यावर संध्याकाळी पूर्ण सामना पाहा आणि तोपर्यंत घरातल्या कोणालाही बातम्या लावू देऊ नका. विजेचे म्हणाल, तर रात्री झोपण्यापूर्वी मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवणे आणि वायफायवर विसंबून न राहता मोबाइलचा डेटा शिल्लक ठेवणे, एवढे पुरते.