पावसात फुगलेली दारं आणि घरचं सुतारकाम: आपापले अनुभव लिहा

ओलीसुकी
काल शेजाऱ्यांकडे सुतार आला होता. रंध्याचा सर्रसर्र आवाज, जिन्यात सागाचा वास. एकदम रत्नागिरीचं घर आठवलं. आर्द्रा लागलं की माजघराचं दार फुगायचं, पण आजोबा रंधा लावू द्यायचे नाहीत. "आत्ता तासलंत तर दिवाळीला त्या फटीतून मांजर येईल." घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळायची, बिजागऱ्या आवळायच्या, की झालं. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, हे शाळेआधी त्या दारानेच शिकवलं. तुमच्याकडच्या युक्त्या सांगा. दारं, ड्रॉवर, प्लाय, नळ, काहीही चालेल.

पिंट्या_मिरजेचा
बाथरूमला पीव्हीसीचं दार बसवलं. माझ्यापुरता धागा संपला :)

सुगरणबाई
मेणबत्ती नसेल तर कोरडा साबण. ड्रॉवरलाही चालतो. स्क्रू जात नसेल तर त्याच्या आट्यांवर फिरवायचा, हात दुखत नाही. कुकर लावलाय, नंतर येते.

निवृत्त_फिटर
आधी दार फुगलंय की खाली बसलंय ते बघा. कडीच्या बाजूला वरचा कोपरा चौकटीला घासतोय, खालचा फरशीला टेकतोय, म्हणजे वरची बिजागरी सैल. तिथे रंध्याचं काम नाही. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काड्यापेटीच्या काड्या, गूळ काढून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या. रात्रभर वाळू द्या, वर आलेलं पटाशीने उडवा, मग स्क्रू पिळा. आणि दाराची वरची-खालची कड रंगवून घ्या. रंगारी तिथे कधीच ब्रश लावत नाहीत, पाणी तिथूनच पितं.

पिंट्या_मिरजेचा
काका, गूळ??

निवृत्त_फिटर
गुल रे गुल. हा कीबोर्ड.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात जुन्या घरांच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावतात. काळंकुट्ट असतं. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, कातडी भाजते.

सुगरणबाई
काजू म्हटल्यावर आठवलं, ओल्या काजूची उसळ वाटपाची करता की नुसत्या खोबऱ्याची?

म्हापशेकार
वाटपाचीच. पण धागा सुतारकामाचा आहे बाई.

बर्फातला_पुणेकर
मिनेसोटात सगळं उलटं. थंडीत हीटर चालू झाला की हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. पुण्याहून आणलेल्या शिसवी टेबलाचा वरचा फळा पहिल्याच हिवाळ्यात तडकला. खालून उलटा करून पाहिलं तर सगळे स्क्रू गच्च आवळलेले, फळ्याला हलायला जागाच नाही. आता खालच्या पट्टीतली भोकं कानशीने लांबट केलीत, फळा स्क्रूसकट थोडा सरकतो. भरीव लाकडाचं टेबल करून घेणाऱ्यांनी सुताराला हे आधीच सांगा. प्लायला गरज नाही.

तिसरा_मजला
प्लायचं नाव काढू नका. सिंकखाली वॉटरप्रूफ म्हणून जे लावून गेले ते दोन पावसाळ्यांत पुरीसारखं फुगलं. शिक्क्यावर आयएस ३०३ आणि एमआर होतं. ते दमट हवेपुरतं. पाण्याच्या जागी ७१० बघून घ्या, मरीन म्हणतात ते. आणि कापलेल्या कडा उघड्या सोडायच्या नाहीत, ७१० असला तरी.

ओलीसुकी
हे बरं सांगितलंत. शिक्का बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, सनमायका चढला की संपलं.

अर्धवटराव
ड्रिलवाल्यांनो, स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच जाते. नळाच्या रेषेतही नको.

सुगरणबाई
आमच्या ह्यांना दाखवते हे. गणपतीच्या आदल्या दिवशी गीझरच्या पाइपाला भोक. पाहुणे आत, कारंजं चालू. उसळ जमली बरं का म्हापशेकार.

तिसरा_मजला
हाहाहा. सांगली-मिरजेत कुणाच्या ओळखीचा सुतार आहे का? किरकोळ कामाला कुणी येतच नाही.

पिंट्या_मिरजेचा
आहे, आमच्या गल्लीत. व्यनि केलाय. सकाळी फोन करा, दुपारी झोपतो तो.

तिसरा_मजला
मोबाईलवर व्यनि कुठे दिसतो?

पिंट्या_मिरजेचा
वर उजवीकडे तीन रेघा.